कासमदाची मिशी

रेडिओनं सांगितलं, ज्येष्ठ गायक-अभिनेते.
आमच्या भाऊसिंगजी रोडवर असलं कुणी नव्हतंच.
होता तो कासम शिकलगार,
कात्र्या-अडकित्त्यांना धार लावणाऱ्याचा पोरगा.
आप्पा म्हणायचे, बापानं एकदा चुकून
ह्याचा गळाच चाकावर धरला असणार.

मी टोप विंचरत होतो.
समोरच्या फेटेवाल्या बाळकूनं शटर ओढलं
आणि निम्म्यातच थांबला.
बरोबर आहे त्याचं.
हा माणूस पडद्यावर अकरा वेळा मेलेला,
पन्हाळ्याच्या बुरुजाखाली तलवार लागून,
साप चावून,
एकदा तर नुसत्या अपमानानं,
आणि दर वेळी संध्याकाळी
गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीशेजारी उभा,
हातात धारोष्ण दुधाचा पेला, मिशीला फेस.

मिशी आमची.
आप्पांनी जाळीवर एकेक केस गुंफून केलेली.
भाडं दिवसाला आठ आणे,
दूध लागलं तर चार आणे जादा.
ते जादाचे त्यानं कधी दिले नाहीत.

खुर्चीत बसला की गुणगुणणं सुरू.
डिंक ओला, वरचा ओठ थरथरतोय,
मिशी जरा डावीकडं, मग जरा उजवीकडं.
"कासमदा, मिनिटभर गप बसा की!"
"गप बसायचं पैसं कोण देत न्हाई, लेका."
आणि पुन्हा तोच षड्ज, मिटल्या ओठांतून,
टेबलावरचा पत्र्याचा डबा वाजायचा त्यानं,
आतल्या पिनांसकट.
तीनदा लावावी लागायची. रोज.
मी नऊ वर्षांचा, आरसा धरून उभा.
आरशातसुद्धा थरथर.

पहाटे देवळाच्या कर्ण्यावर त्याचीच भूपाळी.
अंबाबाई जागी व्हायची ती ह्याच्या आवाजानं,
आणि हा त्या वेळी मशिदीच्या हौदावर
वजू करून झाल्यावर शेजारच्याला सांगायचा,
"दुसऱ्या कडव्यात श्वास चुकलाय माझा.
आई काय बोलत न्हाई, म्हणून चाललंय."

मग स्टुडिओत गवत वाढलं.
मग मिरजेला घशाचं ऑपरेशन.

गेल्या उन्हाळ्यात आला, नातवाच्या खांद्याला धरून.
गळ्याला मफलर, त्याखाली काय ते मी पाहिलं नाही.
खिशातली वही काढली, लिहिलं : लाव.
मी डबा उघडला.
केस पिंगट पडलेले, जाळी अजून धड.
डिंक लावला, धरली, दाबली.
पन्नास वर्षांत पहिल्यांदा
एका झटक्यात बसली.
नाकाखाली सरळ, आखल्यासारखी.
ओठ हललाच नाही.
मला हात धुवायला आत जावं लागलं.
नळ बराच वेळ चालू ठेवला.
बाहेर आलो तर वहीत दुसरी ओळ :
वाकडी झालीय.

बागल चौकातल्या कब्रस्तानात काल
तालमीतले सगळे आले, म्हातारे पैलवान,
कानं चुरगळलेली, पायात वहाणा नाहीत.
हलगीवाला दिनकर भिंतीबाहेर थांबला,
हलगी पोटाशी धरून, जसं आजारी पोर.
मूठ मूठ माती पडत होती.
आणि कुणाच्या तरी खिशात फोन वाजला.
तीच भूपाळी.
ज्याचा होता त्याला तो सापडेना,
सदरा चाचपतोय, कोट चाचपतोय,
बाकी कुणी म्हणेना की बंद कर.
पहिलं कडवं गेलं.
दुसऱ्यात, श्वास चुकतो त्या जागी,
आमच्या सगळ्यांच्या मुठी तशाच राहिल्या.
मग फोन सापडला.

मिशी भाड्यानं देत नाही आता.
वहीत मात्र अजून आहे, आप्पांच्या अक्षरात,
कासम शिकलगार, दुधाचे, येणे.
रेघ मारायला पेन घेतलं होतं.
राहू दे म्हटलं.