बशीतलं पाणी

मिरजेत, सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत,
दस्तगीरचाचांच्या दुकानावरची खोली मी भाड्यानं घेतली
आणि तिथं पाण्याचं झाड आणलं.
चूक म्हणायची तर ती इथंच.

वॉर्डातल्या कोळेकर सिस्टरांनी बदली होताना दिलं होतं.
नाव विचारलं तर म्हणाल्या, छत्री गवत,
लव्हाळ्याचं चुलत भावंड, देठ बोटांत फिरव, कडा लागतील.
बाकीची झाडं पाण्यानं मरतात, हे पाण्यावाचून मरतं,
एवढं लक्षात ठेव.
अकरा वर्षं मी कुंड्या बुडवूनच मारल्या होत्या,
तुळससुद्धा.
वाटलं, शेवटी माझ्या हाताला सोसेल असं काही मिळालं.

पूर्वेच्या खिडकीत कुंडी, कुंडीखाली खोलगट बशी,
बशीत कायम दोन बोटं पाणी.
रात्रपाळीहून आले की आधी बशी, मग चहा.
नळाचं पाणी इथलं जड,
कुंडीच्या काठाला पांढरी खपली धरते
आणि पाती उदबत्तीसारखी टोकाकडून जळत येतात.
ती टोकं मी तिरकी कापायची
ड्रेसिंगच्या कात्रीनं. (कुठं बोलू नका.)

नोव्हेंबरात बशी कलंडली.
फळ्यांच्या फटीतून पाणी खाली,
नेमकं टांगलेल्या एका भोपळ्यावर.
चाचा जिना चढून आले. ओरडले नाहीत.
भोपळा उंबऱ्यावर ठेवून टिचकी मारली.
ऐका, म्हणाले.
मला काही वेगळं ऐकू आलं नाही.
त्यांना आलं.

"वेलीवर होता तेव्हा ह्यानं काय कमी पाणी प्यायलं?
भीमेकाठचा आहे, पोटभर प्यायला.
आता चार वर्षं झाली, एक थेंब नको म्हणून बसलाय.
आणि वर तुमचं ते..."
वाक्य तिथंच राहिलं. ते कुंडीकडं बघत होते.
कुंडीला उभा तडा,
मुळं बाहेर येऊन बशीत गोल फिरत होती,
जागा शोधत,
भाडेकरूसारखी.

रविवारी ते करवत घेऊन आले,
सतारीच्या दांडीची, बारीक दातांची.
कुंडी फोडली. मुळांचा गोळा
पिंजून भरलेल्या गादीसारखा घट्ट.
गुडघ्याखाली दाबून त्यांनी तो मधोमध कापला,
जराही घाई नाही,
जसं काही यातूनही पुढं सूर निघायचा आहे.
ओला, मातकट, थोडा नागरमोथ्यासारखा वास सुटला.
"अम्मीच्या शिकेकाईत असायचा हा," म्हणाले,
आणि करवतीचे दात सदऱ्याला पुसत राहिले.

अर्धं वर राहिलं. अर्धं मागच्या अंगणात,
धुण्याच्या दगडाशेजारी, फुटक्या हौदात, चिखलात.
तिथं ते उन्हात छातीएवढं झालं.
चिमणी छत्रीवर बसते, छत्री वाकते,
चिमणी दचकते, हे दिवसभर.
माझं मात्र उंच नाही, फिकटच,
खिडकीकडं मान काढून.
दर सोमवारी कुंडी फिरवते,
गुरुवारपर्यंत पुन्हा पाठ माझ्याकडं.

परवा चाचांची नात आली, मुबीना.
मलाही एक द्या.
दाखवलं: छत्रीखाली चार बोटं देठ ठेवून काप,
पाती निम्मी छाट, आणि उलटी करून पेल्यात सोड.
"उलटी?"
उलटी. डोकं पाण्यात, देठ वर.
"मग त्याला कळणार कसं, वर कुठं ते?"
खरं सांगायचं तर मलाही माहीत नाही.

बाराव्या दिवशी पात्यांच्या बेचक्यातून
पांढरी मुळं निघाली, दुधाच्या दातांसारखी.
पेला आता खाली दुकानात असतो,
तारांच्या डब्याशेजारी.
त्याखाली चाचांनी ताटली ठेवली आहे,
आणि त्या ताटलीखाली
अजून एक ताटली.