लाल डबा

एकतीस वर्षं मी स्क्रू तपासले.
टुटलिंगनच्या कारखान्यात, खिडकीकडे पाठ करून,
भिंगाखाली वीसपट मोठे करून:
आटे, टोक, माथ्यातली खाच.
चांगला असेल तर निळ्या ट्रेत,
केसाएवढा ओरखडा दिसला तर लाल डब्यात.
टायटॅनियमवरचा ओरखडा बोटाला कळत नाही,
डोळ्याला कळतो, तोही डोळा ताजा असेल तर.
शुक्रवारी दुपारी डोळा ताजा नसतो.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग माझाच एक मणका पुढे सरकला.
चौथा, पाचव्यावरून,
अंधारात पायरी चुकावी तसा.
डाव्या पायात वीज.
बेकरीपर्यंत जाताना तीनदा बसायचे:
कारंज्यापाशी, बस थांब्यावर,
आणि चर्चच्या पायरीवर, जिथं लग्नानंतर
मी कधी फिरकले नव्हते.

डॉक्टर अक्सोय म्हणाल्या,
हल्ली सगळी पाठ उघडावी लागत नाही.
चार भोकं. कोटाच्या काजाएवढी.
आधी तार, तारेवरून नळी, नळीवरून जाड नळी,
स्नायू कापायचा नाही, नुसता बाजूला सारायचा,
झोपलेल्याला न उठवता
त्याच्या डोक्याखालची उशी काढावी तसा.
मग स्क्रू. मग दोन दांड्या, कातडीखालून सरकवलेल्या.
मी म्हटलं, ठाऊक आहे. साडेपाच मिलिमीटर.
त्या हसल्या.
मला लाल डबा आठवत होता.

इमेंडिंगनला उन्हाळ्यात आमची डॅन्यूब
जमिनीत जिरते. नुसते गोटे उरतात.
वडील मला तिथं उभं करून म्हणायचे,
"बघ, आत्ता तू नदीवर उभी आहेस."
मला कोरडे दगडच दिसायचे.
भूल चढताना मी त्या दगडांवर होते.
खाली काहीतरी चाललं होतं,
माझ्यावाचून.

तिसऱ्या दिवशी एक कार्ड हातात आलं.
एफिंगर, रोस्विता. खाली चार चिकट लेबलं.
मी चश्मा मागितला, लॉट नंबर वाचला,
दुसरं कुणी पत्राखालची सही आधी वाचेल, तसा.
आमचाच कारखाना. आमचाच मजला.
शेवटचे दोन आकडे: सदतीस.

सदतीस म्हणजे सेनादा.
बान्या लूकाहून आलेली, शेजारच्या टेबलावरची.
फार टाकायची ती लाल डब्यात.
एका वर्षी त्यापायी सगळ्यांचा बोनस कापला गेला
आणि मी जेवणाच्या सुट्टीत, सगळ्यांदेखत, म्हटलं,
"अगं, स्क्रू आहेत ते, हिरे नव्हेत."
सगळे हसले.
तिनं उत्तर दिलं नाही.
सुट्टी संपल्यावर तोच स्क्रू
पुन्हा भिंगाखाली फिरवत बसली.
त्यानंतर सहा वर्षं आमचं बोलणं नाही.
म्हणजे तिच्याशी नाही. तिच्या पाठीमागे भरपूर.

आता तिची नजर माझ्या पाठीत आहे.
चार ठिकाणी.

रात्री गादीला पाठ टेकवली, हळूच,
जणू कुणाची तरी वस्तू सांभाळायला ठेवलीय.
सगळे शुक्रवार आठवले.
कुठल्या गावात, कुणाच्या कंबरेत
माझे आकडे असतील?
झोप आली ती पहाटे.

तिचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता.
ऑफिसात विचारला तर देत नाहीत, नियम आहे.
म्हणून सातव्या आठवड्यात, शिफ्ट सुटायच्या आधी,
फाटकापाशी जाऊन उभी राहिले.
पाऊण तास.
काय बोलायचं ते घोकून आले होते, ते विसरले.

ती आली, सायकल ढकलत.
केस पिकलेत. मला पाहून थांबली.
माझ्या चेहऱ्याकडे नाही, आधी कंबरेकडे पाहिलं,
मग म्हणाली,
"तिकडे बाक आहे, बस."

"नको," म्हटलं. "उभी राहते."