पाना एक बाजू सरकवून

इनास कुलासोची गाडी टेंपोतून उतरली,
चाकांच्या तारांत नारळाच्या सोडणांचे धागे.
पिवळा मडगार्ड, काळी टाकी.
म्हापशाच्या बाजारात बावीस वर्षं माणसं वाहिली तिनं,
मग त्याच्या डोळ्यात मोती पिकला म्हणून
चौदा महिने उभी होती
चोडणला, मानशीजवळ, मेव्हणीच्या पडवीत,
खाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर.

तो किकवर अख्खा उभा राहिला.
किक अर्ध्यात थांबली.
"मेली काय?"
मी म्हणालो, थांब, उतर आधी.

डिचोलीत लोक विचारतात, इंजिन बघतोस कसं.
बघत नाही. प्लग काढतो.
कोंडलेली हवा हाताला मागे ढकलते,
तिचा राग मऊ असतो,
तिला वाट करून दिली की उरतं ते खरं.
गाडी न्यूट्रलमध्ये, म्हणजे चेन नको, चाक नको,
मधे कुणाची साक्ष नको.
मॅग्नेटोचं गोल झाकण पाच रुपयांच्या नाण्यानं फिरवायचं,
आत नट. नटावर चौदाचा पाना.
मग गप्प बसायचं.

बेअरिंग गेलं असेल तर सगळा फेराच जड,
ओल्या रेतीतून होडी ओढावी तसा.
व्हॉल्व्हची स्प्रिंग आधी नको म्हणते, मग आपणच पुढे लोटते.
लोखंडाला लोखंड भिडलं तर टक्क,
त्यापुढे वाद नाही.
गंज मात्र करकरतो, कुरकुरतो,
पण बोलणं सोडत नाही.

उलट्या काट्यानं फिरवला.
जड, जड, थोडा सैल,
आणि दहाच्या आकड्यावर अडला.
मागे आणला. पुन्हा नेला. दहावर.
रिंग, मी म्हणालो, सिलिंडरला धरलीय.

म्हणालो खरा,
पण ती जागा ओळखीची वाटली.
सकाळी सदऱ्याच्या बाहीत हात घालताना,
फडताळावरचा चहाचा डबा काढताना
शिमग्यापासून माझा उजवा खांदा
नेमका इथंच धरतो.
मग आत्ता अडलं ते कोण?

नटाला सहा बाजू.
पाना काढला, एक बाजू सरकवून लावला.
इंजिनाचं अडणं असेल तर आता बारावर येईल,
माझं असेल तर दहावरच राहील.
इनास बघत होता, विचारत नव्हता.
दुसऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं असतं.

बारावर: करकर.
बारीक, भातात खडा लागावा तशी.
जोर न लावता पुढे सरकलो, सुटली.
आणि दहावर
मी.

दोघंही होतो. एकामागे एक लपून.

पाना इनासच्या हातात दिला.
डोळा नवा, महिन्याभराचा,
तरी त्यानं मिटूनच घेतला.
मनगट जुनं, चढावर अॅक्सिलेटर किती पिळायचा हे जाणणारं.
एक फेरा. दुसरा. मागे जरा.
"हांगा," तो म्हणाला. "एकाच जाग्यार."

मग मी सांगितलं त्याला ते, जे त्याला कळून चुकलं होतं:
पिस्टन ज्या उंचीवर थांबला
तिथं गंजाचं कडं बसलंय,
मानशीच्या फळ्यांवर भरतीची रेघ बसते तसं.
मोडलेलं काही नाही.
निदान हाताला लागत तरी नाही.

अर्धं डिझेल, अर्धं तेल,
प्लगच्या भोकातून चहाच्या चमच्यानं.
वर चिंधीचा बोळा, पाल पडू नये म्हणून.
आज कुणी किक मारायची नाही,
पोरांना सांगितलं, शेजारच्या पंक्चरवाल्यालाही सांगितलं.

जाताना इनास दारात थबकला,
"आनी तुज्या खांद्यांत कितें घालतलो?"
हसला, आणि शेवटची बस गाठायला
भरभर चालत गेला, पायी,
बावीस वर्षं मागे कुणीतरी बसलेला माणूस.

शटर मी डाव्या हातानं ओढलं.
दिवा राहू दिला थोडा वेळ.
तेल रिंगेपर्यंत पोचलं की नाही
हे बाहेरून कळायला मार्ग नाही.