एकास बहात्तर

येवद्याच्या फाट्यावर माझं दुकान:
नंबर प्लेटा, रेडियम, ट्रॉलीमागचे वाघ.
कटिंगची मशीन आली तशी ब्रशाला
ओल राहिली नाही.
तेव्हा एका दुपारी भटकर मामा आले,
बुटाचा डबा छातीशी धरून,
जसं कुणी आजारी पिल्लू घेऊन यावं.

आत विमान. नॅट. हाताच्या पंजाएवढं,
राखाडी प्लास्टिक, सांधे घासून गुळगुळीत.
"हात थरथरते माहा," ते म्हणाले,
"रंग तुले मारा लागीन."

माप एकास बहात्तर.
बहात्तर म्हटलं की आमच्या गावाला
दुष्काळ आठवतो, खडी फोडणं, मिलोची लाल भाकर.
मामा त्याच साली सुट्टीवर आले होते.
लढाईचं कुणी विचारलं नाही म्हणे,
तिकडे विहिरींना पाणी किती, एवढंच.

मामा कधी उडाले नाहीत.
हे ते आधीच सांगून टाकतात.
रिव्हेट, पत्रा, गोळीच्या भोकाला ठिगळ.
"मी खालचा माणूस."

आमचं पाणी खारं. बशीत भिजवलेलं चक्र
पंखावर नीट बसायचं, आणि सकाळी
त्याच्याभोवती मिठाची कडा.
शेवटी इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी आणलं.
कूलर लावावा तर शेजारच्या गादीघरातला
लग्नसराईचा कापूस ओल्या रंगावर,
बंद करावा तर रंग ब्रशावरच वाळतो,
पंखापर्यंत पोचत नाही.
मग पहाटे चारला. मामा टॉर्च धरायचे.

मी पहिला हिरवा पट्टा ओढला, धारदार,
जसा एम एच सत्तावीस ओढतो.
मामा पाहत राहिले.
"पूस," म्हणाले.
"हे काय लगनाचं नाव हाये का बापा?
दिवे झाकून, पोतेऱ्यानं मारला होता आम्ही रंग.
पाच जण. रात एकच होती."

घाई लहान करणं सोपं नाही.
त्यांच्या एका रात्रीला
माझ्या अकरा पहाटा लागल्या.
तीन केसांचा ब्रश, रोखलेला श्वास,
आणि त्यात पाच माणसांचे पाच हात.
एक डावखुरा होता, मामांना सहाव्या दिवशी आठवलं,
म्हणून उजवा पंख पुन्हा केला.
एकाला तंबाखूची तलफ आली होती,
शेपटाजवळचा पट्टा त्यानं अर्धा सोडला.
मीही अर्धाच सोडला.
नवव्या पहाटे मला वाटलं, कुणीतरी
मागून हळूच म्हणतंय: आटप.

डाव्या पंखाच्या पोटाला, जिथं कुणी पाहणार नाही,
मुगाच्या टरफलाएवढं ठिगळ होतं.
"हे मीच करतो."
थरथरत गेलं, वाकडं बसलं.
"तेव्हाबी वाकडंच बसलं होतं," म्हणाले.
खरं की आपल्या हाताची बाजू सावरली,
मी विचारलं नाही.

मग नंबर. तिथं तरी मला
कुणी शिकवायचं नव्हतं.
मामांनी पहिला आकडा सांगितला, दुसरा,
जरा थांबून तिसरा.
ब्रश हवेत, मी वाट पाहतोय.
फाट्यावर एसटी थांबली, कंडक्टरनं दार आपटलं,
एसटी गेलीसुद्धा.
"आठवत नाही का?"
"आठवते," म्हणाले.
आणि टॉर्च बंद केली.

पायलट डब्यातच राहिला,
प्लास्टिकच्या काडीला जोडलेला,
ज्वारीच्या दाण्याएवढं डोकं, बिनरंगाचा.
काच मात्र मामांनी उघडी चिकटवायला लावली,
आणि दात कोरायच्या काड्यांची शिडी केली स्वतः,
चार दिवस लागले, टेकवली विमानाला.

पैसे किती, त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, रंगाचं जाऊ द्या,
प्लेटीच्या हिशोबानं आकड्याला वीस,
तीन आकड्यांचे साठ.

मामांनी मोजून
ऐंशी ठेवले.