एकसष्ट खेपा

नारनतूल बाजार, कंटेनर क्रमांक दोनशे चौदा.
बाहेर उणे एकतीस. आत माझी शेगडी,
सोल्डरिंगचा वास, मीठ घातलेला दुधाचा चहा.
गांतुल्गा हातमोजा दातांनी ओढून काढतो
आणि तळहात पुढं करतो:
टोपण हरवलेला पेनड्राइव्ह,
खाचेत कोळशाची काजळी.

"भाच्यानं लावला. संगणकानं विचारलं, फॉरमॅट करू?
पोराला वाटलं, राम राम करतोय. हो म्हणाला."

आत काय होतं?

"वजनकाट्याच्या पावत्या. फोटो काढून ठेवलेले.
गोबीतून सीमेपर्यंत एकसष्ट खेपा.
कंपनी म्हणते, चाळीसच झाल्या.
मग एकवीस खेपांचा कोळसा काय मी खाल्ला?"

सगळ्यांना विचारते तेच त्याला विचारते:
त्यानंतर यावर काही लिहिलंत? एखादं गाणं तरी?
नाही म्हणतो.
मग घाबरू नका.
दप्तरातून नाव खोडलं
म्हणजे रान मोकळं झालं असं नसतं.
दुसरं कुणी येऊन तंबू ठोकेपर्यंत
जुन्या चुलीची राख तिथंच असते.

हिरवी पट्टी सरकते, थांबते, सरकते.
सीमेवरच्या रांगेत नऊ-नऊ दिवस काढलेला माणूस,
किती वेळ लागेल असं एकदाही विचारत नाही.

पावत्या येऊ लागतात. फाइल एक, फाइल दोन.
नावं परत येत नाहीत, मी आधीच सांगितलेलं.
त्याला नावांची गरज नाही.
"ही धुळीच्या वादळाची. ही टायर फुटला तेव्हाची.
इथं काट्यावाल्यानं दोन टन मारले, लबाड."
अठ्ठावन्न धड.
तीन पावत्यांचा खालचा भाग नुसता करडा,
जानेवारीत आमच्या शहरावर धूर बसतो तसा.
वजन वरच्या भागात आहे. चालेल, म्हणतो.

आणि शेवटी एक न मागितलेलं. आवाज. बारा सेकंद.
मी विचार न करता वाजवते.

"ए गांतुल्गा, झोपलास काय? रांग हलली!
हल ना गड्या, मागचा भोंगा बडवतोय..."
मग हसणं. मग दार आपटल्याचा आवाज.

शेगडीतला कोळसा खाली बसतो.
"दामदिन," तो म्हणतो. तेवढंच.
बऱ्याच वेळानं: "हे भाच्यानं नाही. मी पुसलं होतं.
मार्चमध्ये. शुद्धीत."
मी पट्टी बघत राहते, पट्टी संपलेली असते.
"तुला परत आणता येतं,
तर नीट घालवताही येत असेल."

येतं. वर दुसरं काहीतरी लिहावं लागतं.

"काय?"

काहीही.

तो बाहेर जातो. किल्ली तीनदा फिरते,
चौथ्यांदा ट्रक खोकत सुरू होतो.
फोनवर टिपून आणतो: इंजिन. मोजून बारा सेकंद.
मी ते जुन्या ड्राइव्हवर उतरवते,
माझ्याकडची प्रत त्याच्यादेखत पुसते.
पावत्या नव्यावर, आतल्या खिशात.
जुना तो किल्लीच्या दोरीत ओवतो.
पंधरा हजार तुग्रिक सांगितले, वीस ठेवून जातो.

एक मात्र मी बोलले नाही.
ही चिप हुशार असते. एकाच जागी लिहून
झिजू नये म्हणून नवं ते भलतीकडंच नेऊन ठेवते.
म्हणजे एका कोपऱ्यात इंजिन धडधडतंय,
आणि कुठल्याच नोंदीत नसलेल्या जागी
अजून रांग हललीय,
अजून कुणीतरी त्याला उठवतंय.

सांगायला हवं होतं. पैसे घेतले होते मी.
दार उघडंच होतं, हाक पोचली असती.
मी शेगडीतली राख काढायला घेतली.