पेटी क्रमांक एक

आई टॉवेल मोजायची डझनानं,
मी बिया मोजते शंभरानं.
ओल्या टीपकागदावर चिमट्यानं मांडायच्या,
एकीचा दुसरीला धक्का न लागता.
कुसळीची शेपटी ओल लागताच
स्वतःभोवती फिरायला लागते,
बोटानं दाबून धरावी लागते क्षणभर.
अंजनाची बी लोकरीत गुरफटलेली.
आणि स्टायलो, तो तर खडाच,
कढत पाण्याची आंघोळ घातल्याशिवाय
डोळा उघडत नाही.

मुळेगावच्या आमच्या खोलीत पाच पेट्या,
पहिलीत वीस अंश, शेवटच्या पेटीत चाळीस.
चाळीसवाल्या घाईच्या:
दुसऱ्याच दिवशी मूळ बाहेर,
पाचव्या दिवशी करडी बुरशी.
तिसरी पेटी गुणी, तिचं कौतुक सगळ्यांना.
पहिलीत पवन्या ठेवलेला, बारा दिवस
मी वहीत शून्य लिहीत होते.
शून्यालासुद्धा शाई लागतेच.

बाहेरच्या वाफ्यात वेगळीच तऱ्हा.
दुपारी मातीत खुपसलेला काटा अठ्ठेचाळीसवर,
शंभरातले अकरा कोंब वर आले.
उकरून पाहिलं तर बाकीचेही रुजले होते बरेच,
पापुद्र्याखाली वाकून, पिवळे,
अर्धं बोट अंतर राहिलेलं.
येळाप्पा कोळेकर कुंपणापलीकडून
मेंढरं थांबवून बघत होता.
म्हणाला, "त्या पेटीत रात कधी होती, ताई?"
मी हसले. म्हटलं, तिथं रात्र नसते,
सारखंच असतं चोवीस तास.
"मग तिला कळावं कसं?" म्हणाला,
आणि गेला मेंढरांमागं.

एप्रिलातल्या गुरुवारी डीपी जळाला.
दोन दिवस, दोन रात्री पेट्यांची घरघर बंद.
खोली दुपारी एकोणचाळीस,
पहाटे चोवीस.
कल्याणशेट्टी सरांनी वहीवर तिरकी रेघ मारली:
प्रयोग बाद. बशा धुऊन ठेवा.

बरोबरच होतं त्यांचं.
मोरीपाशी पहिली पेटी रिकामी करायला घेतली
आणि झाकणाला आतून काहीतरी टेकलेलं दिसलं.
पवन्या.
मोजले. पुन्हा मोजले,
आई तुटका धागा शोधायची तसे, नखानं.
त्रेसष्ट.

नळ तसाच सुरू राहिला थोडा वेळ.

आकडा वहीत चढला नाही.
शेवटच्या पानामागं पेन्सिलीनं लिहून ठेवलाय,
तारखेसकट, आणि खाली: वीज नव्हती.
बशी खिडकीत आहे. सरांना दिसली असावी,
काही बोलले नाहीत.

हल्ली आम्ही गच्चीवर झोपतो, अशोक चौकात.
स्लॅब मध्यरात्रीपर्यंत पाठ भाजत राहते,
कूस बदलूनही उपयोग नसतो.
मग चारच्या सुमाराला कुठूनतरी गारवा येतो
आणि झोपेतच हात पायथ्याची चादर शोधतो.
मला वाटतं, त्याच वेळी.