दोनशे मैल, दीडशे शब्द

पहाटे हेमांगीचा फोटो येतो,
अभ्यासिकेतलं टेबल, खुर्चीला सुतळीने बांधलेली उशी
आणि वहीचं पान.
प्रश्न : अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणजे काय?
किनारी राष्ट्रांच्या हक्कांची चर्चा करा.
दहा गुण. दीडशे शब्द.
खाली निरोप : ताई, सहा तरी पडतील ना?

मी दोनदा मुख्य परीक्षा दिलेली,
दुसऱ्यांदा अकरा गुणांनी राहिलेली,
त्यामुळे उदगीरच्या घरात मी अजून साहेब.
इथे, ग्रिम्सबीत, मी काउंटर नंबर तीन.
थकलेला कर, तुंबलेलं भाडं, विझलेले बॉयलर
माझ्याकडे येतात, टोकन घेऊन.

नऊ-दहाला कॉलिन ड्रूरी आला.
मदतनिधीचा अर्ज ब्रेडच्या पिशवीत,
भिजू नये म्हणून दोन गाठी मारलेल्या.
डोळ्यांवर बायकोचा चष्मा.
ती फेब्रुवारीत गेली, नंबर जवळपास सारखाच, म्हणाला.

रकाना अकरा : पहिली नोकरी का सुटली?
'दोनशे मैलांमुळे, पोरी.'
मला वाटलं, बदली झाली असेल.

मग त्याने माझा स्टेपलर उचलला.
हे आइसलँड.
पाण्याची बाटली, हे आपण.
मधे डिंकाची नळी सरकवत आणली,
ही आमची बोट, बर्फाने पांढरी,
मी एकोणीस वर्षांचा, कॉड साफ करतोय,
बोटं माझी की माशाची, कळत नाही.
शहात्तर साली स्टेपलरवाले म्हणाले,
इथून अलीकडे यायचं नाही.
आणि आपल्या लोकांनी सही केली.
'जाळं तुटताना आवाज येत नाही, माहितीये?
दोर एकदम हलका होतो, बस्स.'

मी विचारलं, राग येतो?
'त्यांचा? छे. त्यांच्याकडे माशाशिवाय होतं काय!
मी तिकडे जन्मलो असतो तर मीच कापलं असतं.
पण आमच्या ऑफिसात गेलो भरपाई मागायला,
तर म्हणे तुम्ही हंगामी.
दर फेरीला नवी सही, म्हणजे दर फेरीला नवा माणूस.
माझा बाप तीस वर्षं हंगामी होता.
पुढे कधीतरी चेक आला.
मॉरीनने स्वयंपाकघरात फरशी घातली.
चांगली आहे अजून.'

मागे रांग खाकरायला लागली.
संगणकावर पर्याय चार :
राजीनामा, बडतर्फी, आजारपण, इतर.
मी 'इतर' दाबलं.
तपशील द्या, असं म्हणून त्याने साठ अक्षरांची जागा दिली.
मी लिहिलं : मासेमारी बंद.
बरीच जागा उरली.
जाताना त्याने आइसलँड जागेवर ठेवलं,
बाटली मात्र तिथेच, काउंटरच्या कडेला.

रात्री हेमांगीचं पान पुन्हा उघडते.
उत्तर बरोबर आहे.
आधाररेषा आहे, ब्याऐंशीचा करार आहे,
अधोरेखनं पट्टीने मारलेली,
एक नकाशा, त्यात समुद्र तिरप्या रेघांचा, रिकामा.
शेवटी चौकट : पुढील दिशा —
सर्व घटकांनी समतोल दृष्टिकोन बाळगावा.
मी पण असंच लिहायचे. चौकटीसकट.

लिहिते : 'मैल' नको, 'सागरी मैल' लिही.
आणि एक उदाहरण घाल, ब्रिटन-आइसलँडचं,
कराराच्या आधीचं आहे, पण चालेल.
करारानंतर किनाऱ्यावर किती माणसं रिकामी झाली
ते एका ओळीत.
तपासणाऱ्याच्या हातात वहीमागे वही,
मला माहीत आहे, थांबणार नाही तो.
तरी घाल.

तिथे मध्यरात्र उलटलेली, तरी लगेच दोन निळ्या खुणा.
ताई, शब्द संपलेत गं.
एकशे एकोणपन्नास झालेत. काय काढू?

मी पान मोठं करून वरून खाली वाचते,
मॉरीनची फरशी कुठल्या रंगाची असेल, असं काहीतरी
मधेच डोक्यात येतं.
मग टाइप करते :
समतोल काढ.